नटवलेली अक्षरं आणि हरवलेली तारीख

मंडळाची चिटणीस झाल्यावर मी लिहिलेली पहिली सूचना कविता स्पर्धेची होती. ती आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तेव्हा तिचं फार कौतुक झालं. मजकूर मराठीत, देवनागरीत. पण स्पर्धेचं नाव मी रोमन लिपीत, वेलबुट्टीच्या अक्षरांत लिहिलं होतं. शेवटची तारीख आणि खोली नंबर जाड, ठसठशीत इंग्रजी आकड्यांत. चारही बाजूंनी चांदण्या, कंस, फुलं. ‘लग्नपत्रिका आहे काय गं ही?’ असं एकीनं विचारलंसुद्धा, आणि मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

मुदत संपल्यावर दोन दिवसांनी एका प्रथम वर्षाच्या मुलाची कविता आली. त्याला दिसत नाही. फोन त्याला मजकूर वाचून दाखवतो. कविता चांगली होती. मी नियमाप्रमाणे उत्तर पाठवलं : ‘क्षमस्व, तारीख उलटून गेली आहे.’ त्यावर त्याचा आवाजी निरोप आला, अगदी शांत, आमच्या बेळगावी मराठीत : ‘ताई, तारीख कुठं लिहिलीय? मी तीनदा ऐकलो की.’

मला वाटलं, कारण सांगतोय. म्हणून दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याच्या शेजारी बसून त्याच्याच फोनवर माझी सूचना ऐकली. फोन म्हणाला, ‘कविता पाठवण्याची शेवटची तारीख’, आणि लगेच, ‘स्थळ खोली क्रमांक’, आणि लगेच, ‘सर्वांनी सहभागी व्हावे.’ मधे काही नाही. तारीख नाही, खोली नाही, स्पर्धेचं नावही नाही. चांदण्या तेवढ्या एकूण एक वाचल्या. ‘चमकता तारा, चमकता तारा, चमकता तारा.’

जे माहीत असणं गरजेचं होतं तेच मी नटवलं होतं, आणि जे नटवलं तेच त्याच्यापर्यंत गेलं नव्हतं.

यानंतरचे काही आठवडे मी हा विषय जमेल तसा समजून घेतला. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, संगणकाची नाही. त्यामुळे इथे सांगतेय ते एका वाङ्मयवाल्या मुलीला समजलं तेवढंच. पण आपल्याला तेवढं पुरेल.

सुरुवात हजेरीपटापासून करू. फोनला किंवा संगणकाला अक्षर ‘दिसत’ नाही. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक असतो, आपल्या रोल नंबरसारखा. जगातल्या बहुतेक लिप्यांना असे क्रमांक देणारी जी सामाईक यादी आहे तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक आलेत. त्यात ‘क’ २३२५वर बसतो. इंग्रजी मोठा ‘ए’ ६५वर.

आता फॉन्ट म्हणजे काय? फॉन्ट म्हणजे कपडे. स्नेहसंमेलनात तुम्ही शिवाजी महाराज झालात काय किंवा सांताक्लॉज झालात काय, हजेरीपटावर तुमचा नंबर तोच राहतो. ‘क’ला जाड करा, तिरका करा, बारीक करा, तो २३२५च. म्हणून खऱ्या फॉन्टनं कुणाचं काही बिघडत नाही. वाचून दाखवणारं यंत्र कपड्यांकडे बघतच नाही, ते नंबर पुकारतं.

मी मात्र सूचनेत फॉन्ट वापरलाच नव्हता. मला वाटत होतं की वापरला. ‘फॅन्सी फॉन्ट’ असं नाव असलेल्या एका पानावर मी मजकूर टाकला, त्यानं वीस नमुने दिले, त्यातला एक मी उचलून चिकटवला. तुम्हीही इन्स्टाग्रामवर नावाखाली असंच करता. गंमत अशी की ही पानं फॉन्ट देतच नाहीत. ती तुमच्या अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर बसवतात. वेगळ्या नंबराचा, वेगळ्या वर्गातला, फक्त चेहऱ्यानं सारखा दिसणारा विद्यार्थी आणून तुमच्या बाकावर बसवतात. माझा जाड ‘ए’ ६५ नव्हता, तो होता १,१९,८०८.

हे इतके दूरचे नंबर आले कुठून? गणितातून. गणितात आणि पदार्थविज्ञानात अक्षराचं रूप बदललं की अर्थ बदलतो. जाड अक्षर म्हणजे सदिश, तेच अक्षर साधं लिहिलं तर नुसती संख्या. तिथे जाडपणा ही हौस नाही, ती वेगळी खूणच आहे. म्हणून २००१ साली युनिकोडमध्ये गणिती अक्षरांचा एक मोठा गट आला : जाड, तिरकी, वळणदार, जुन्या जर्मन छपाईसारखी, सगळी फक्त समीकरणांसाठी. आपण ती उचलली वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी. म्हणजे माझी स्पर्धेची सूचना फोनच्या लेखी एक न सुटणारं समीकरण होतं. अशा अक्षरापाशी आलं की काही यंत्रं प्रत्येक अक्षरामागे ‘गणिती जाड मोठा’ असं काहीतरी पुटपुटत बसतात, काही सरळ गप्प राहतात. त्याचा फोन गप्प राहणाऱ्यांतला निघाला. एनव्हीडीए नावाचं संगणकावरचं मोफत वाचनयंत्र आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं त्याची सुरुवात केली. त्यात अलीकडे अशा वेषांतरित अक्षरांना मूळ अक्षरासारखं वाचण्याची सोय आली आहे, पण ती प्रत्येकाच्या फोनवर असेल असं धरून चालता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी जरा खजील झाले. या फॅन्सी पानांवर देवनागरी टाकली तर काहीच होत नाही. ती जशीच्या तशी परत येते. साहजिक आहे, समीकरणात जाड ‘क’ कुणाला लागला नाही, म्हणून यादीत जाड ‘क’ नाही. त्यामुळे मराठी पोरांना नटायचं तर आधी मराठी रोमनमध्ये लिहावी लागते. मी मराठी वाङ्मय मंडळाच्या मराठी कविता स्पर्धेचं मराठी नाव रोमनमध्ये का लिहिलं? मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी हे विचारलं होतं तेव्हा मी ‘सगळ्यांना वाचता यावं म्हणून’ असं सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की वेलबुट्टी तिथेच मिळत होती.

आम्हा ख्रिस्ती घरातल्या मुलांना रोमन लिपीतलं मराठी हे प्रकरण तसं नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण अभ्यासक्रमात आहे म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. हा इंग्लंडमधला जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओव्यांमध्ये पुराण रचलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, रोमन अक्षरांत. पण त्यांना ती लिपी हवी होती म्हणून नव्हे. १६०८ साली त्यांनी रोमला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषेत, इथल्या लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. अक्षरांचे साचे सहाशेपर्यंत जातात पण ते दोनशेवर आणता येतील, असा हिशोबही मांडला होता. जोडाक्षरं आणि काना-मात्रांचा हा प्रश्न, आपल्या फॉन्ट बनवणाऱ्यांना आजही छळतो तोच. ते साचे काही झाले नाहीत. मग त्यांनी रोमन अक्षरांतच मार्ग काढला. ट आणि ड दाखवायला अक्षर दोनदा लिहायचं, असे नियम बांधले आणि ते सांभाळले. शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत छापलं ते १९५६ साली. म्हणजे छापील ख्रिस्तपुराण देवनागरीत यायला ३४० वर्षं गेली. ज्या लिपीसाठी त्यांना रोमला पत्र लिहावं लागलं ती माझ्या अंगठ्याखाली आहे, आणि मी ती सोडून गणिताची अक्षरं उसनी आणली होती. असो.

देवनागरीला जाडजूड गणिती जुळे भाऊ नाहीत, तरी तिच्यातही वेषांतरं आहेत, आणि ती जास्त फसवी आहेत, कारण ती डोळ्यांना अजिबात कळत नाहीत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावं असं खरं तर इथेच आहे.

‘दुःख’ हा शब्द घ्या. मराठी कवींचा आवडता. यातला विसर्ग हे देवनागरीतलं स्वतंत्र चिन्ह आहे, नंबर २३०७. पण फोनच्या कीबोर्डवर तो पटकन सापडत नाही म्हणून आपण अपूर्णविराम, म्हणजे इंग्रजी कोलन, टाकून मोकळे होतो : दु:ख. दिसायला तेच. पण कोलनचा नंबर ५८, आणि तो विरामचिन्ह आहे, अक्षर नाही. यंत्राच्या दृष्टीनं तो शब्द तिथेच तुटला. एक शब्द ‘दु’, मग थांबा, मग ‘ख’. मी आपल्या मागच्या अंकांच्या फाइलींमध्ये ‘दुःख’ शोधून पाहिलं. ज्या कविता मला पाठ आहेत, ज्यांत हा शब्द आहे हे मला पक्कं माहीत आहे, त्यांतल्या बऱ्याच सापडल्या नाहीत. उद्या कुणी ‘आमच्या महाविद्यालयातील कवितेत दुःखाची रूपे’ असा प्रकल्प करायला घेतला तर आम्ही सगळे भलतेच आनंदी होतो असा निष्कर्ष निघेल.

दंडाचंही तेच. ओवीच्या शेवटी आपण इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ मारतो. देवनागरी दंड वेगळा आहे, त्याला स्वतःचा नंबर आहे.

‘ॲ’ची गोष्ट वेगळी. ‘ॲड’, ‘ॲप’ लिहायला मराठीला जे अक्षर लागतं ते यादीत सुरुवातीला नव्हतं, २००८ साली आलं, २४१८ नंबरावर. त्याआधी लोक ‘अ’ घेऊन त्यावर चंद्र चढवायचे. आजही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. दोन्ही रूपं शेजारी ठेवली तर आईलाही ओळखू येणार नाहीत. खरं म्हणजे या लेखाच्या अगदी पहिल्या परिच्छेदात मी ‘व्हॉट्सअॅप’ लिहिलंय ते जुन्या पद्धतीनं, आणि ‘ॲप’ आत्ता लिहिलं ते नव्या. मुद्दाम ठेवलंय. पीडीएफमध्ये शोधून बघा.

आणि मग आपला लाडका अर्धा र. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा फरक शाळेत शिकवतात : एकीकडे गुरुजी, दुसरीकडे स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा पापणीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, २३५३ नंबरचा ‘ऱ’ घेऊन. दोन, साधा ‘र’, मग हलंत, मग एक न दिसणारं चिन्ह. हो, न दिसणारं. त्याला रुंदी नाही, आकार नाही. शेजारच्या अक्षरांनी कसं जोडून घ्यायचं एवढंच ते सांगतं. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना कधी कधी ही न दिसणारी चिन्हं गळून पडतात आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. हे वाचून हसू येईल, पण कोकणावरच्या निबंधात ‘दऱ्या’ जाऊन ‘दर्या’ आला तर चूक लगेच लक्षातही येणार नाही, कारण कोकणात दोन्ही आहेत.

उलट्या दिशेची फसवणूकही सांगायला हवी, कारण तिचा फटका आमच्या घरी बसला. माझे बाबा चर्चच्या गायनवृंदात आहेत. कुणीतरी पूर्वी मोठ्या कष्टानं टाइप केलेली मराठी गीतांची फाइल त्यांना मिळाली. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. बाबा म्हणाले, ‘व्हायरस असेल बघ बाई.’ व्हायरस नव्हता. युनिकोड घराघरांत पोचण्याआधी मराठी टाइप होई ती कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये. त्यांची युक्ती अशी की नंबर इंग्रजी अक्षराचा, पण चित्र देवनागरीचं. कृतिदेवमध्ये तुम्ही इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं दाबलीत की पडद्यावर ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट काढून घ्या, मागे उरतं ई-जे-के-बी-एच. म्हणजे फॅन्सी अक्षरांत चेहरा इंग्रजीचा आणि नंबर गणिताचा, तर इथे चेहरा मराठीचा आणि नंबर इंग्रजीचा. छापून कागदावर काढलं की दोन्ही झकास. कागदाबाहेर दोन्हींचं काही खरं नाही. त्या गीतांचं रूपांतर मी एका परिवर्तकानं केलं, आणि जोडाक्षरं हातानं दुरुस्त करायला तीन रविवार लागले. एवढं झालं तरी निदान त्या फाइलीला तो पर्याय होता. त्या काळी मराठी तशीच टाइप होत होती.

आता चांदण्या आणि कंसांबद्दल. मुलांच्या गेममधल्या नावांना दोन्ही बाजूंनी जे पिसाऱ्यासारखे कंस असतात ना, ते जावानीज लिपीतले आहेत. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या त्या लिपीत शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना ती सजावट करतात. त्यांच्या आत हमखास दिसणारी फुलीसारखी खूण तिबेटी आहे, तिबेटी लेखनातल्या विरामचिन्हांपैकी. कुणाच्या तरी हस्तलिखितांतून आलेल्या या खुणा बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या पोराच्या गेमच्या नावाला चिकटतात, याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि त्यात मला काही वाईटही वाटत नाही. टोपणनाव आहे, नटू दे. प्रश्न येतो तो सूचना, पत्ता, फोन नंबर, तारीख यांत. आणि कवितेत. अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून ‘क वि ता’ असं लिहायची आपल्याकडे फॅशन आहे. ऐकणाऱ्याला ती ‘क, वि, ता’ अशी तीन तुकड्यांत येते. प्रत्येक शब्दामागे टाळ्यांची इमोजी टाकली तर प्रत्येक शब्दामागे ‘टाळ्या वाजवणारे हात’ ऐकावं लागतं. एकदा स्वतः ऐकून बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते वाचून ठेवा. मी ठेवलं नव्हतं, आणि भावाला बोलवावं लागलं.

मग सजवायचंच नाही का? मला सजवायला आवडतं, आणि आवडणं थांबलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर शब्दाच्या आगेमागे एकेक तारांकित चिन्ह टाकलं की शब्द जाड होतो, खालची रेघ टाकली की तिरका. हे खरे कपडे आहेत, नंबर बदलत नाही, आणि मुख्य म्हणजे हे देवनागरीलाही चालतं. पोस्टर करायचं तर देवनागरीत सुंदर फॉन्ट आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ तर नावातच मराठी घेऊन आलाय, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. इथे एक सुरेख गोष्ट आहे : हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल दिसायला निराळे, पण नंबर एकच. मराठीपणा तिथे फॉन्टनं सांभाळलाय आणि कुणाचं वाचन अडलेलं नाही. पोस्टर मात्र चित्र असतं, म्हणून त्याच्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे. गेल्या महिन्यात मी दोनदा विसरले.

विसर्गासाठी म्हणाल तर बहुतेक मराठी कीबोर्डवर स्वरांच्या रांगेच्या शेवटी ‘अं’जवळ ‘अः’ सापडतो. शोधा एकदा, मग बोट आपोआप जातं.

त्या मुलाच्या कवितेचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. परीक्षकांचा निकाल तोवर ठरला नव्हता. मी मंडळाच्या बैठकीत झालेला प्रकार सांगितला, सूचना सगळ्यांना त्याच्या फोनवर ऐकवली, आणि कविता स्पर्धेत घ्यावी असं सुचवलं. एक-दोघांनी नियमाचं काढलं. अध्यक्ष म्हणाले, ‘तारीख आपण सांगितलीच नाही, मग उलटली कशी?’ कविता घेतली गेली. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना ती लांब वाटली, आणि माझ्याही मते शेवटची दोन कडवी जास्तीची आहेत. त्यालाही तसं सांगितलं. त्याला ते पटलेलं नाही.

पुढच्या, कथाकथनाच्या सूचनेचा मसुदा मी आधी त्यालाच पाठवला. नाव देवनागरीत, तारीख साध्या आकड्यांत, विसर्ग खरे. फक्त शेवटी, राहवलं नाही म्हणून, तीन गुलाब. थोड्या वेळानं त्याचा निरोप आला.

‘सगळं ऐकू येतंय ताई. गुलाब तेवढं तीन वेळा सांगायलाय. एकच ठेव की, चालतंय.’